हजार खोट्या बोटी

"बाय, ह्या कपाटात माझा घोव दिसंल काय गो?"

शेवंतीकाकी काचेच्या दाराला नाक लावून आत बघत होत्या. आत लोखंडी मांडणीवर बारा संगणक एकावर एक रचलेले होते. हिरवे दिवे लुकलुकत होते आणि पंख्यांचा असा घोंगाट चालला होता, की दाराशी बोलायचं तरी घसा ताणावा लागे.

मी तेव्हा पंचविशीत होते. रत्नागिरीच्या जवळ, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका समुद्र संशोधन केंद्रात ह्या बारा संगणकांची देखभाल करायची माझी नोकरी. बाराही जण मिळून एकच काम करत: उद्या लाटा किती उंच, वारा कुठला, प्रवाह कुठे ओढणार, ह्याचं गणित. सगळ्यात वरच्या संगणकाला आम्ही 'मुकादम' म्हणायचो. तो स्वतः फारसं गणित करत नसे. बाकीच्या अकरांना कामं वाटायची, कोण दमला, कोण बसला ते बघायचं आणि शेवटी सगळ्यांची उत्तरं गोळा करायची. नवा प्रोग्रॅम आला की तो आधी मुकादमावर चढवायचा, मग त्याच्या हातून इतरांना पोचवायचा. मुकादम बिघडला, की बाकीचे अकरा नुसते गरम होत बसून राहणार.

"काकी, आधी बसा," मी खुर्ची पुढे केली.

"बसून काय करू? कालपासना बसलीच हाय."

दिवाळी तोंडावर आली होती. आदल्या दिवशी दुपारी उत्तरेकडून ध्यानीमनी नसताना वावटळ सुटली. सगळ्या बोटी कशाबशा बंदराला लागल्या. एक 'कनकादित्य' तेवढी आली नाही. तिच्यावर बोट चालवणारे तांडेल भिकाजी डोर्लेकर, म्हणजे काकींचे यजमान, आणि चार खलाशी होते. अंधार पडायच्या आत वायरलेसवर दुसऱ्या एका बोटीशी त्यांचं बोलणं झालं, ते शेवटचं.

काकी आमच्याकडे आल्या त्या तबस्सुममुळे. डॉक्टर तबस्सुम पारकर, आमच्या केंद्रातली समुद्रप्रवाहांची अभ्यासक आणि माझी मैत्रीण. लाटांचा अंदाज ती रोज सकाळी स्वतः जेट्टीवर जाऊन फळ्यावर लिहायची, आणि मासळीची टोपली घेऊन बसलेल्या काकी तो मोठ्याने वाचून सगळ्यांना ऐकवायच्या. ह्या पोरीला समुद्रातलं कळतं, एवढी खूणगाठ त्यांनी मनाशी बांधली होती.

तबस्सुम धावतच आली. ओढणी खांद्यावरून लोंबत होती, हातात पाण्याची बाटली. ती काकींच्या पुढ्यात जमिनीवरच बसली.

"काकी, वायरलेसवर काका काय म्हणाले? जसंच्या तसं सांगा."

"म्हनले, इंजिन बसलं. जाळी पान्यात सोडतूय, म्हंजे बोट आडवी व्हायची नाय. घरला सांगा, घाबरू नका." काकींनी पदर सारखा केला. "मी कुठं घाबरतंय? मी आपली इचारायला आली."

तबस्सुमने माझ्याकडे पाहिलं. मला दंडाला धरून तिने बाहेरच्या व्हरांड्यात नेलं.

"संपदा, तटरक्षक दलाचे लोक दक्षिणेला शोधताहेत. वारा उत्तरेचा होता, तेव्हा बोट दक्षिणेला गेली असणार, असं कुणीही म्हणेल. पण पाण्यात जाळी सोडली असतील तर वाऱ्याचं काही चालत नाही. बोटीला प्रवाह ओढणार. आणि ह्या आठवड्यात प्रवाह फिरलाय. तो उत्तरेला जातोय."

"मग सांग ना त्यांना!"

"सांगितलं. फोनवर जो अधिकारी आहे ना, भला माणूस आहे. सगळं ऐकून घेतलं त्याने. म्हणाला, मॅडम, माझ्याकडे एक जहाज आणि एक विमान. 'उत्तरेला कुठेतरी' म्हणून मी ते वळवू कसा? मला जागा सांगा, लगेच पाठवतो."

"जागा तुला सांगता येईल?"

"आपल्याला प्रवाह माहीत आहेत. त्यात बोट कशी वाहत जाईल ते काढणारं पॅकेज आहे ना, गेल्या आठवड्यात सीडी आली ती? ते चढवलं तर येईल."

ती सीडी देवस्थळी सरांच्या कपाटात होती.

देवस्थळी सर संगणक विभागाचे प्रमुख. निवृत्तीला आलेले. संगणकांसाठी ती खोली इतकी गार ठेवलेली असे, की ऐन उकाड्यातही ते लोकरी स्वेटर आणि कानटोपी घालून आत बसत आणि चहाला बाहेर आले की तसेच, घामाघूम होऊन, शिपायाला म्हणत, "आज फार उकडतंय नाही?" मुकादमावर काही नवं चढवायचं म्हटलं, की ते आधी आठ दिवस विचार करत. नंतर बहुधा नको म्हणत.

मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी कानटोपी काढली.

"गुरव, सकाळच्या अंदाजावर किती बोटी जातात?"

"सगळ्याच जातात, सर."

"हे पॅकेज चढवताना मुकादम कोसळला, तर उद्या फळ्यावर काय लिहायचं? वादळ अजून पुरतं सरलेलं नाही. एका बोटीसाठी बाकीच्यांना आंधळं करून समुद्रात पाठवायचं?"

ते खरंच बोलत होते.

दारातून तबस्सुम म्हणाली, "सर, पाच माणसं आहेत. आणि पिण्याचं पाणी किती आहे, कुणालाच माहीत नाही."

सरांनी काचेतून बाहेर पाहिलं. काकी खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या होत्या, उठायला सांगितलं तर वेळ नको जायला, अशा. सर उठले. त्यांनी कपाट उघडलं, सीडी काढली, आणि तिच्यासोबत एक कोरी हार्ड डिस्कही काढली.

"आधी मुकादमाची पूर्ण नक्कल ह्या डिस्कवर. मग हात लावायचा."

"सर, त्यात दुपार होईल!"

"होऊ दे. नक्कल झाल्याशिवाय मी तुला एकही बटण दाबू देणार नाही. आणि आता जे गणित चालू आहे, ते थांबव."

"ते संचालकांचं आहे. आठवडाभर चाललंय. मधे थांबवलं तर सगळं पहिल्यापासून..."

"माहीत आहे. संचालकांना मी सांगेन. थांबव."

मी थांबवलं. अकरा संगणकांचे पंखे हळूहळू मंदावले आणि खोलीत इतकी शांतता झाली, की बाहेर काकींच्या बांगड्या वाजलेल्या आत ऐकू आल्या.

नक्कल होत होती तेवढा वेळ आम्ही पडद्यावर सरकणारी पट्टी बघत बसलो. मी शंभरदा उठले, शंभरदा बसले. सर मात्र काकींना आत घेऊन आले. त्यांना हुडहुडी भरली, तेव्हा खुंटीवरची आपली शाल सरांनी त्यांच्या खांद्यावर टाकली.

"ही डॉक्टरीण काय करनार हाय?" काकींनी विचारलं.

"ती आतल्या समुद्रात हजार बोटी सोडणार आहे," सर म्हणाले. "खोट्या. जिथे तुमच्या यजमानांचं इंजिन बंद पडलं, तिथेच. प्रत्येक बोट थोडी इकडे, थोडी तिकडे. मग वारा आणि प्रवाह त्यांना कुठे नेतो ते बघायचं. जिथे जास्त बोटी गोळा होतील, तिथे खऱ्या बोटीला हाक मारायची."

काकींनी विचार केला. "हजार बोटी म्हंजे लय झाल्या. आमच्या बंदरात मावायच्या नाय."

सर हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

नक्कल झाली. सरांनी मान हलवली आणि मी सीडी घातली. पडद्यावर ओळीमागून ओळी धावू लागल्या. फायली उलगडल्या, जागच्या जागी बसल्या. शेवटी 'पूर्ण' अशा अर्थाचा शब्द उमटला आणि मी आनंदाने टाळी वाजवली. टाळी हवेत विरायच्या आत मुकादम बंद पडला. पुन्हा चालू केला, तर कामं वाटणारा त्याचा मुख्य प्रोग्रॅम उठायलाच तयार होईना.

"काय झालं?" तबस्सुमने विचारलं.

काय झालं ते कळायला मला थोडा वेळ लागला. नव्या पॅकेजला एक नवी लायब्ररी, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांना लागणाऱ्या सामायिक फायलींचा संच, हवा होता. तो त्याने आणला आणि जुना सरळ पुसून टाकला. जुन्यावर जगणारा बिचारा मुकादम निराधार झाला. घरात नवी सून यावी आणि तिने पहिल्याच दिवशी सासूची सगळी भांडी भंगारात द्यावी, तसा प्रकार.

सरांनी नकलेची डिस्क पुढे सरकवली.

"घाल. पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. पण ह्या वेळी त्या पाहुण्याला स्वयंपाकघरात शिरू देऊ नकोस. त्याला पडवीत वेगळी खोली दे. त्याची भांडी त्याच्याजवळ."

म्हणजे काय ते मी क्षणात समजले. पॅकेज नेहमीच्या जागी न चढवता वेगळ्या फोल्डरमध्ये, त्याच्या स्वतःच्या लायब्ररीसकट ठेवायचं. जुन्या फायलींना धक्का लावायचा नाही. नकलेवरून मुकादम पुन्हा उभा राहिला, अगदी सकाळी होता तसा. मी एकेक ओळ स्वतः टाईप केली. सर मागे उभे राहून ती वाचत आणि "हं" म्हणत. त्यांचा "हं" आला, की मी एंटर दाबायची. एकदा "हं" आला नाही. पाहिलं, तर मी एका अक्षराची चूक केली होती.

पॅकेज चढलं. मुकादम शाबूत होता. तबस्सुमने आकडे भरले: वायरलेसवर कळलं त्याप्रमाणे बोट शेवटची कुठे होती, केव्हा, केवढी, पाण्यात जाळी. मी मुकादमाला काम वाटायला लावलं.

अकराच्या अकरा संगणकांनी एकमुखाने कळवलं: असा प्रोग्रॅम इथे सापडत नाही.

"आता हे आणि काय?" तबस्सुम रडकुंडीला आली.

"काही नाही, काही नाही," मी म्हणाले, आणि मला स्वतःलाच नवल वाटलं, कारण माझ्या आवाजात भीती उरली नव्हती. मुकादमाला नवा पाहुणा कुठे बसलाय ते माहीत होतं. गड्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पडवीतली ती खोली मी अकरांनाही उघडून दिली आणि तिचा पत्ता प्रत्येकाला कळवला. दहा जणांनी मुकाट ऐकलं. एक ऐकेना. सर म्हणाले, "त्याला घरी बसव. दहा पुरे आहेत." मी त्याला यादीतून वगळलं आणि पुन्हा गणित सुरू केलं.

पंखे एकदम घोंगावले. काकी दचकून उठल्या.

"सुटल्या काय बोटी?"

"सुटल्या, काकी!" तबस्सुम ओरडली.

आम्ही चौघंही पडद्यापुढे गोळा झालो. काळ्या पडद्यावर किनाऱ्याची वेडीवाकडी रेघ आणि तिच्यापासून दूर एक पिवळा ठिपका. तो ठिपका आधी फुगला, मग फुटला, आणि त्यातून चिमण्यांना टाकलेल्या कण्यांसारखे बारीक ठिपके सांडले. काही दक्षिणेला निघाले. माझा जीव टांगणीला लागला. पण थोडं जाऊन तेही वळले, आणि सगळा थवा खालून वर, उत्तरेला आणि थोडा बाहेरच्या अंगाला, सरकू लागला. सरकत सरकत एका जागी दाटला. जणू कुणी मूठभर हळद सांडली होती.

तबस्सुमने अक्षांश-रेखांश कागदाच्या कपट्यावर उतरवले आणि फोनकडे धाव घेतली. "सर, जागा मिळाली," तिने सांगितलं आणि आकडे वाचले, दोनदा. पलीकडून काय म्हणाले ते आम्हाला ऐकू आलं नाही. फोन ठेवून ती म्हणाली, "जहाज वळवलं त्यांनी."

मग वाट पाहणं आलं. शिपायाने चहा आणला. सरांनी दिल्लीला गेलेल्या संचालकांना फोन लावला आणि त्यांचं आठवडाभराचं गणित आपण थांबवल्याचं शांतपणे सांगितलं. पलीकडे बरंच काही बोललं जात असावं, कारण सर फोन कानापासून वीतभर लांब धरून उभे होते. काकी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या मला त्यांच्या लग्नातली गोष्ट सांगू लागल्या. वरात होडीने यायची होती, आणि नेमकी ओहोटी लागली. नवरदेव गुडघाभर चिखलातून चालत मांडवात आला. मुंडावळ्या कपाळावर आणि पाय रेड्यासारखे.

"मी तवाच म्हनलं," काकी म्हणाल्या, "ह्यो येतूच. उशिरानं येल, चिखलात माखून येल, पन येल."

उन्हं कलली होती तेव्हा फोन वाजला. तबस्सुमने उचलला. ऐकलं. रिसीव्हर तसाच हातात धरून तिने दुसरा हात वर केला आणि त्याची पाचही बोटं उघडली.

पाच.

मी किंचाळले. मला एवढंच आठवतं, की मी देवस्थळी सरांना मिठी मारली, आणि ते "अगं, अगं, स्वेटर" असं काहीतरी म्हणत होते. काकी मात्र हलल्याच नाहीत. त्या पडद्यावरच्या त्या पिवळ्या पुंजक्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदराच्या टोकाने डोळे टिपले, फोनजवळ गेल्या आणि तबस्सुमला म्हणाल्या, "त्याच्याशी बोलाया मिळंल काय?"

"तसं नाही मिळायचं काकी, पण निरोप देता येईल. काय सांगू?"

"सांग त्याला, जाळी नवीन व्हती. ती तिथंच टाकून आलास तर घरात घ्यायची नाय."

फोनवरच्या त्या अधिकाऱ्याने हा निरोप शब्दशः पुढे पोचवला. जहाजावरच्या झाडून सगळ्यांनी तो ऐकला म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लाटांचा अंदाज नेहमीसारखा फळ्यावर लागला असताना, 'कनकादित्य' जहाजामागे दोरीला बांधून बंदरात आली. दिवाळीसाठी आणलेले फटाके वाडीतल्या लोकांनी तिथेच उडवून टाकले. दुपारी बायकांचा एक जथाच केंद्रावर आला. कुणाच्या हातात ओवाळणीचं ताट, कुणाच्या डोक्यावर टोपली. टोपलीत सुरमई, चिंबोऱ्या, आणि एक पापलेट इतकं मोठं, की ते देवस्थळी सरांच्या हातात दिल्यावर त्यांना दोन्ही हात लागले. सर शुद्ध शाकाहारी. ते बिचारे तान्हं मूल धरावं तसं पापलेट धरून उभे राहिले, आणि काकी मुकादमाला कुंकू लावायला आत शिरल्या, तेव्हा एवढंच म्हणाले, "हवा आत जाते ती जाळी सोडून लावा हो." शेवटी पापलेट तबस्सुमच्या घरी शिजलं. मी दोनदा वाढून घेतलं.

भाऊबीज झाल्यावर भिकाजी तांडेल स्वतः बोलवायला आले. काळे, किडकिडीत, सावकाश बोलणारे गृहस्थ. "तुमी आमाला समुद्रातना आनलंत, आता आमी तुमास्नी समुद्रात नेतू," म्हणाले. इंजिन दुरुस्त झालं होतं. आम्ही तिघंही गेलो. काकी चुलीसकट आल्या होत्या.

खाडी ओलांडून बोट बाहेर पडली तशी ती झुलायला लागली. देवस्थळी सरांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग हिरवट. चाळीस वर्षं समुद्राकाठी राहून ते आयुष्यात पहिल्यांदा बोटीत बसले होते. त्यांनी कठडा धरला तो सोडला नाही. तबस्सुम पुढे टोकाशी उभी राहून पाण्याचा रंग बघत होती. मी तांडेलांजवळ बसले आणि जे विचारायचं मनात होतं ते विचारलं: त्या दिवशी तिकडे काय झालं?

सुकाणूवरचा हात न काढता ते सांगू लागले.

"सकाळच्याला इमान दिसलं. लांब, दक्षिनेला. घार फिरल्यागत फिरत व्हतं. पोरांनी सदरे काढून हालवले. ते काय बघतंय? गेलं निघून. मग पोरं गप झाली. कुनी कुनाकडं बघंना. पानी बाटलीच्या बुडाला आलं व्हतं. मी आपला गजाली सांगत बसलू, म्हंजे त्यांचं ध्यान लागून राहील. सांगून सांगून माझ्याबी सरल्या." ते थांबले. एक मोठी लाट आली, ती त्यांनी तिरकी घेतली. "आनि मग जहाज दिसलं. आता बाय, मी उभा जल्म समुद्रात हाय. हुडकनारी बोट कशी चालते, मला ठाव हाय. इकडं जाते, तिकडं जाते, थांबते, फिरते. हे जहाज तसं नव्हतं. सरळ आलं. नाकासमोर. एस्टी स्टँडावर आपलं मानूस उतरनार हाय न् त्याला न्यायला यावं ना, तसं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

एक गोष्ट मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती, तबस्सुमलाही नाही. पुण्यातल्या एका कंपनीत मला नोकरी लागली होती. दिवाळी उरकली की तिथे रुजू व्हायचं, असं माझं पक्कं ठरलं होतं. घरी आई माझ्यासाठी पुण्याला न्यायचे डबेसुद्धा काढून ठेवत होती. ज्या दिवशी काकी काचेला नाक लावून उभ्या होत्या, त्या दिवशी राजीनामा कसा सांगायचा, ह्याचीच मी मनात जुळवाजुळव करत होते.

मी उठून, तोल सावरत, सरांजवळ गेले.

"सर, मी पुण्याला जाणार होते. नोकरी मिळाली होती मला."

त्यांनी मोठ्या कष्टाने मान वर केली. "होते?"

"आता नाही जात."

"उत्तम," ते म्हणाले, आणि पुन्हा कठड्यावरून ओणवे झाले.

शेवंतीकाकी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. दुसऱ्या हाताने त्यांनी पदर तोंडात धरला होता, हसू बाहेर पडू नये म्हणून.